कोठीतली तूर जिवंत की निर्जीव?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहावीच्या वर्गात सजीवांची लक्षणं शिकवून झाली: हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतनाक्षमता, प्रजनन. त्यावर एका मुलाने विचारलं, "आमच्या कोठीतली तूर जानेवारीपासून पडून आहे. हालत नाही, खात नाही, वाढत नाही. मग ती निर्जीव ना? आणि निर्जीव आहे तर मृगात पेरल्यावर जिवंत कशी होते?" मागून एका मुलीने जोड दिली, "मग डाळ पेरली तर का उगवत नाही?" तुम्ही "बी सुप्तावस्थेत असतं" असं सांगून वेळ मारून नेली आणि आता विचारताय की पुढच्या तासाला काय सांगायचं आणि काय दाखवायचं.

हे दोन प्रश्न जोडीने आले हे फार बरं झालं. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे.

आधी त्या यादीबद्दल. सात लक्षणांची यादी ही ओळखायची खूण आहे, व्याख्या नाही. पावसाळ्यात बाहेर पाहून "ढग आलेत, गार वारा सुटलाय, म्हणजे पाऊस येणार" असं आपण म्हणतो, तशी. खुणा बहुतेक वेळा बरोबर निघतात, पण कडेच्या प्रकरणांत फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात. धुऱ्यावर पेटवलेली आग पसरते, हवा घेते, राख टाकते, ठिणगीतून दुसरी आग जन्माला घालते, तरी ती सजीव नाही. खडीसाखरेचा खडा पाकात वाढतो. उलट खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही. मुलांना हे तिन्ही सांगा, पण त्यात फार वेळ घालवू नका. पोरं आगीवरच वाद घालत बसतात.

खरा घोटाळा यादीतल्या क्रियापदांच्या काळात आहे. "वाढतो", "श्वास घेतो" म्हणजे आत्ता, या क्षणी का? तसं धरलं तर कोठीतली तूर नापास होते. म्हणून विचारायचं असं: ही वस्तू जगण्याचं काम करणारी आतली जुळणी शाबूत ठेवून आहे का, आणि योग्य परिस्थिती मिळाली तर ते काम स्वतःहून सुरू करते का? विहिरीवरची मोटर बंद असण्याची दोन कारणं असतात. लाइन गेलेली असते किंवा मोटर जळालेली असते. काठावर उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारख्याच गप्प. लाइन आली की फरक कळतो. कोठीतली तूर म्हणजे लाइन गेलेली मोटर, डाळ म्हणजे जळालेली. ही उपमा इथेच सोडायची, पुढे ताणायची नाही. मोटर स्वतःची दुरुस्ती करत नाही आणि दुसरी मोटर घडवत नाही. बी दोन्ही करतं. पाणी शोषल्यावर पहिल्या काही तासांत, कोंब दिसायच्या कितीतरी आधी, पेशी साठवणीत खराब झालेली पटलं (पेशींची पातळ आवरणं) आणि गुणसूत्रांमधले तुटलेले धागे सांधायला लागतात.

आता डाळ. तुरीचे आठ-दहा दाणे रात्री भिजत घाला आणि सकाळी मुलांच्या हातात द्या. दाण्याच्या कडेला जो पांढरट डाग आहे तिथे तो शेंगेला चिकटलेला होता. साल नखाने सोलली की दोन डाळिंब्या सुटतात, पण पूर्ण सुटत नाहीत. कडेला एका ठिकाणी त्या जोडलेल्या असतात, आणि तिथेच तांदळाच्या कणीएवढा, थोडा वाकलेला पांढरा अंकुर असतो. त्याचं एक टोक मूळ होणार, दुसरं शेंडा. डाळिंब्या ही फक्त शिदोरी. हरभऱ्यात हे जास्त ठसठशीत दिसतं, कारण त्याच्या चोचीतच मूळ बसलेलं असतं. लहान वर्गात हरभराच घ्या.

डाळ करताना तुरीला तेलाचा हात लावतात, पाणी मारून वाळवतात आणि भरडतात. दाणा दुभंगला की तो सांधा तुटतो, अंकुर मोडून सालीबरोबर चुणीत, म्हणजे भरडताना निघणाऱ्या चुऱ्यात जातो आणि चुणी ढोरांच्या आंबोणात. हातात उरते ती शिदोरी. प्रवासी निघून गेला. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण इथे एक हुशार पोरगं म्हणेल, "म्हणजे अंकुर तुटला नाही तर दाणा जिवंत." त्याच्यासाठी भंडारा-गोंदियाकडचं उदाहरण ठेवा. धान पेरलं तर उगवतं. पांढरा तांदूळ उगवत नाही, कारण भात सडताना टोकावरचा अंकुर कोंड्यात गेला. उकडा तांदूळ करताना मात्र धान सालीसकट भिजवतात, वाफवतात आणि वाळवतात. ते वाळलेलं धान, गिरणीत जायच्या आधी, हातात घ्या. साल आहे, अंकुर आहे, एकही भाग गळालेला नाही. तरी ते कधीच उगवणार नाही. वाफेने पेशींची पटलं फाटली, प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. सगळे सुटे भाग जागेवर आहेत, पण त्यांचं एकमेकांशी चालणारं काम कायमचं मोडलं. जीव म्हणजे वस्तू नसून चालू राहू शकणारी जुळणी आहे, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात नाही.

सुप्त बी आत नेमकं काय करतं, हे थोडं खोलात सांगतो, कारण "झोपलेलं असतं" म्हटलं की मुलांच्या डोळ्यापुढे घोरणारा माणूस येतो. झोपलेला माणूस व्यवस्थित श्वास घेतो, त्याचं हृदय चालतं. वाळलेल्या बियांत तसं काही नसतं. साठवणीसाठी तूर-हरभऱ्यात ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास आणि सोयाबीन-गव्हात १२ टक्क्यांपर्यंत धरतात. इतक्या कमी पाण्यात पेशीतला द्रव काचेसारखा घट्ट होतो, रेणूंना हलायला जागा उरत नाही, आणि श्वसन जवळपास शून्यावर येतं. जवळपास म्हणतोय, कारण झीज मात्र सुरूच असते. म्हणून बी म्हातारं होतं आणि शेवटी मरतं, तेही बाहेरून काहीही न बदलता. बीजतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे, हॅरिंग्टनचा: बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान साधारण ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. तो ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या दरम्यान लागू पडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशात बियाणं उणे १८ अंशांवर ठेवतात ते याच हिशेबाने. इस्रायलमध्ये मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या अवशेषांत सापडलेलं सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं, कारण ती जागा कोरडी ठणठणीत होती. आपल्याकडे सोयाबीन मात्र एका पावसाळ्यापलीकडे भरवशाचं राहत नाही. साल पातळ, मूळ सालीखालीच, आणि थ्रेशरचा ड्रम जोरात फिरवला की आतल्या आत चीर. दाणा दिसायला मोत्यासारखा आणि उगवायला शून्य.

तेव्हा मुलाला ठाम सांगा: तूर पेरल्यावर जिवंत *होत* नाही. ती जिवंतच होती. मेलेलं बी पाण्याने जिवंत होत नाही, आणि जिवंतपणा जूनमध्ये कुठून तरी आत शिरत नाही; तो मागच्या वर्षीच्या झाडाकडून अंकुरात आलेला असतो.

आता दाखवायचं काय. इथे बहुतेक शिक्षकांची एकच चूक होते. बी भिजवतात, ते फुगतं, आणि "बघा, जिवंत आहे" म्हणतात. फुगणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही. मेलेलं बीसुद्धा तसंच फुगतं, कधी कधी जास्त लवकर. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, ते काय जिवंत झालं? पहिल्या आठ-दहा तासांत पिष्ट आणि प्रथिनं नुसतं पाणी ओढून घेतात, तो भौतिक प्रकार आहे. मग काही तास बाहेरून काहीच घडत नाही. जिवंत बियांत याच वेळात आतली सगळी तयारी होते. त्यानंतर मूळ साल फोडून बाहेर येतं, आणि ते फक्त जिवंत बियांतून.

म्हणून नियम असा ठेवा: कोणत्याही वस्तूचा जिवंतपणा दाखवायचा तर तीच वस्तू मारून शेजारी ठेवायची. देशी हरभऱ्याचे १५० दाणे घ्या. डॉलर हरभरा लवकर कुजतो, तो नको. त्यातले १०० दाणे रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून त्यातले ५० ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा आणि ५० कोणाच्या तरी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन रात्री ठेवा. उरलेले ५० दाणे कोरडेच, घट्ट डबीत घालून त्याच कप्प्यात ठेवा. मग बर्फातले दोन्ही बाहेर काढा, कोरडे होते ते भिजवा, आणि हे दोन्ही गटही तसेच ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. कोरडे गोठवलेले दाणे बिनधोक उगवतील. भिजवून गोठवलेले उगवणार नाहीत, कारण पाण्याचा बर्फ होताना पेशी फाटल्या. उकळून मारलेल्या बियांपेक्षा ही पद्धत बरी, कारण उकळलेल्यावर पोरं म्हणतात, "ते तर शिजलं." भिजवून गोठवलेला दाणा दिसायला कच्चाच असतो. तो थोडा वेळ पाण्यात ठेवून निरखून पाहिलं तर ते पाणी पिवळट, गढूळ झालेलं दिसेल. फाटलेल्या पेशींतून साखर आणि क्षार झिरपतात म्हणून. जिवंत दाण्याचं पाणी त्या मानाने स्वच्छ राहतं.

किती दिवस लागतील ते तुमच्या गावच्या हवेवर आहे. २५ ते ३० अंशांत हरभऱ्याला दीड-दोन दिवसांत मूळ दिसतं. डिसेंबरच्या थंडीत तीन-चार दिवस धरा. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग घेऊच नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंबाआधी वास येतो. कापड पिळून ओलं असावं, थबथबलेलं नको. पाण्यात बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही आणि तो जिवंत असूनही गुदमरतो. प्रयोग फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

श्वसन दाखवायचं असेल तर चुन्याची निवळी करा; श्वसनात बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. पानाला लावतात तो चुना चमचाभर, एक लिटर पाण्यात ढवळून, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका. दोन मोठ्या मुखाच्या बरण्या घ्या. एकीत मोड आलेला हरभरा दोन मुठी, दुसरीत तेवढाच मोड आणून मग पंधरा मिनिटं उकळून गार केलेला. दोन्हीत निवळीची एकेक छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. सकाळी लावलं तर शाळा सुटेपर्यंत जिवंत हरभऱ्याकडची निवळी दुधाळ होते, दुसरी जवळपास नितळ राहते. "जवळपास" का, तर हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने निवळीवर पातळ साय धरते. तिसरी रिकामी बरणी ठेवली तर मुलांना हेही दिसेल.

ही बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली की एक गंमत होते, आणि शिक्षक गडबडतात. उकळलेल्या हरभऱ्याकडची निवळीही दुधाळ होते. प्रयोग चुकला असं वाटतं. चुकलेलं काही नसतं. हरभरा मेलेलाच आहे, पण त्यावर जिवाणू वाढायला लागले आणि श्वास घेतायत ते. शेणखताचा उकिरडा हिवाळ्यात आतून गरम लागतो, त्यातलाच हा प्रकार: उकिरडा सजीव नाही, त्यात राहणारे सजीव आहेत. दुसऱ्या दिवसाची बरणी मुद्दाम ठेवा.

घरी करण्यासारखं आणखी एक द्या: कोमट दुधाच्या एका वाटीत चमचाभर दही, दुसरीत चमचाभर गार झालेली कढी. विरजण कुठे लागतं ते आईला विचारायचीही गरज पडणार नाही.

कापसाचं फुटलेलं बोंड वर्गात न्यायलाच हवं, ऑक्टोबरनंतर कुठल्याही वावरात मिळेल. रुईचा एक धागा ओढून काढा. तो सरकीच्या सालीवरची एकच पेशी आहे, लांबून लांबून अडीच-तीन सेंटीमीटर झालेली. बोंड फुटून वाळलं की ती पेशी मरते, आतून पोकळ होऊन चपटी पिळदार फीत उरते, आणि त्या पिळामुळेच सूत कातता येतं. म्हणजे आपण अंगावर घालतो ते मेलेल्या पेशींचं कापड. त्याच्या मुळाशी सरकी, ती जिवंत. त्या सरकीचं काळं टरफल पुन्हा मेलेलं. आणि नशीब वाईट असेल तर आत गुलाबी बोंडअळी, ती भलतीच जिवंत. एका बोंडात जिवंत आणि मेलेलं असं मिसळलेलं पाहिल्यावर "झाड सजीव, मग लाकूड काय?" हा प्रश्न निम्मा सुटतो. उभ्या झाडाच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याही मेलेल्या पेशींच्याच असतात. मात्र फळ्यावर "निर्जीव" या एकाच खान्यात दगड आणि रुई दोन्ही लिहू नका. दगड कधी जिवंत नव्हताच, रुई होती. तीन खाने करा: सजीव, मृत, निर्जीव.

मुलं एक वाक्य हमखास बोलतील: "तुरीत भुंगे आपोआप पडतात." घरची मोठी माणसंही तेच म्हणतात. भुंगा आपोआप पडत नाही. त्याची मादी शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालते, आणि कोठीत दाण्यांवरही. भिंगातून पाहा: दाण्यावर मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका चिकटलेला असतो. त्यातून अळी निघून सरळ दाण्यात शिरते, आत खाते, आणि साधारण महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. आपल्याला फक्त शेवट दिसतो, म्हणून आपोआप वाटतं. इटलीत फ्रान्चेस्को रेदीने १६६८ मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून दाखवलं की माशी बसू दिली नाही तर किडे पडत नाहीत. सूक्ष्मजीवांबाबत हाच वाद पुढे दोनशे वर्षं चालला आणि १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने वाकड्या मानेच्या चंबूंनी मिटवला. तुम्ही दोन बाटल्या करा. दोन्हींत कडक वाळवलेली तूर; एकीत निवडून, ठिपके नसलेले दाणे, दुसरीत ठिपक्यांचे. तोंडाला दुहेरी कापड बांधा, दीड महिना थांबा. निवडताना एखादा ठिपका सुटलाच तर पहिल्या बाटलीतही भुंगा निघेल, तेव्हा निवडायचं काम दोघांकडून दोनदा करून घ्या.

विषाणूबद्दल तुम्ही स्वतंत्र विचारलंत. तिथे मात्र उत्तर तुम्ही रेघ कुठे ओढता त्यावर आहे. विषाणूला पेशी नाही, स्वतःची ऊर्जा नाही, तो खात नाही की श्वास घेत नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचे मिठासारखे स्फटिक करून दाखवले, आणि ते पुन्हा पानाला लावले तर रोग झालाच. पेशीला जीवनाचा पाया मानलं तर विषाणू बाहेर राहतो. उलट नासाने १९९४ मध्ये वापरलेली व्याख्या अशी की जीवन म्हणजे स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. विषाणू उत्क्रांत होतो, पण स्वतःच्या जोरावर टिकत नाही. आणि या व्याख्येत एकटं खेचरही अडचणीत येतं. सहावीला "पेशीबाहेर निर्जीवासारखा, पेशीत शिरल्यावर सजीवासारखा" एवढं पुरे. त्याचा वावरातला अर्थ मात्र सांगा: सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की लोक बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक फवारतात आणि पैसे वाया जातात. ज्याला स्वतःची पेशी आणि स्वतःचं काम नाही त्याचं काम ते औषध बंद कसं पाडणार? रोगट झाड सुरुवातीलाच उपटायचं आणि विषाणू वाहून नेणारी पांढरी माशी आवरायची.

शेवटची एक सूचना, कारण यावरून वर्गात भांडण होईल. हरभऱ्याऐवजी मूग किंवा मटकी घेतली तर काही दाणे ना फुगतील ना कुजतील, खड्यासारखे टणक राहतील. गणंग म्हणतात त्यांना. पोरं ते "मेलेल्यां"त मोजतील. मोजू देऊ नका. बीज परीक्षण प्रयोगशाळेतही हे टणक बी म्हणून वेगळे धरतात. त्यांची साल पाणी आत घेत नाही, एवढंच. वेगळे काढा, बारीक पॉलिश पेपरवर पाठीच्या बाजूने, म्हणजे डागाच्या उलट बाजूने, दोन-तीनदा घासा आणि पुन्हा भिजवा. दुसऱ्या दिवशी फुगलेले दिसतील, आणि त्यातले बरेचसे त्याच्या पुढच्या दिवशी मोड काढतील.